जंगल सफारी, मुक्काम निपाणी

हल्ली निपाणीत वर्षाच्या पोराचा वाढदिवस म्हणजे जंगल थीम. थर्माकोलचा जिराफ, फुग्यांचा झेब्रा, केकवर साखरेचा सिंह. औक्षणाचं ताट घेतलेल्या आत्याबाई हत्तीच्या सोंडेमागे अडकलेल्या. उत्सवमूर्ती मात्र भोकाड पसरून दाराकडे हात करतेय. बाहेर गल्लीत म्हैस उभी आहे ना!

जनावरांचं कौतुक आपल्याला काय नवं? ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय. १९५६ पासून सीमेचा तंटा माणसांना, सण दोन-दोन बैलांना! बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं खोवून त्यांना पळवतात. तो थाट कुठल्या सिंहाच्या नशिबी?

डेकोरेटरला म्हशीचं विचारलं. म्हणाला, “तसलं ठेवत नाही ओ. पांडा देतो की!”