चोरट्यांस नम्र विनंती

घरफोडीची बातमी पेपरात वर्षानुवर्षे एकाच साच्यात येते. 'बंद घराचा कडीकोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी' इथून सुरू होते आणि 'पुढील तपास सुरू आहे' इथे संपते. पूर्वी ती वाचून मी हळहळायचो. घराचा विमा उतरवल्यापासून मात्र मला त्यात 'कडीकोयंडा तोडून' एवढेच शब्द दिसतात आणि त्या घरमालकाचा हेवा वाटतो. नशीबवान माणूस! त्याच्याकडे तुटलेला कोयंडा आहे.

विम्याच्या दुनियेत नुसता माल जाऊन भागत नाही. चोराने बळ वापरून, मोडतोड करून आत शिरायला हवे, आणि त्याची खूण मागे राहायला हवी. युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदनलाल या खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले: पॉलिसीत बळजबरीची अट असेल, तर बळाविना झालेल्या चोरीचे पैसे मिळणार नाहीत. आता गंमत बघा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीच्या कलमाखाली उदाहरणे दिली होती. त्यातल्या एकात घरमालकाची हरवलेली किल्ली चोराला सापडते, तो तिने दार उघडून आत जातो, आणि कायदा म्हणतो, ही घरफोडीच. म्हणजे तोच चोर, तेच दार; पोलीस ठाण्यात तो घरफोड्या ठरतो आणि विमा कंपनीकडे पाहुणा.

आणि आमच्या कुडव्यात किल्लीचे काय असते? कुडवा गोंदियाला इतके चिकटले आहे, की गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावे. पण किल्लीच्या बाबतीत आम्ही अजून पक्के गावचे. ती मीटरच्या पेटीवर असते, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात असते, नाहीतर शेजारच्या काकूंकडे. आमच्याकडचा चोर कडी तोडेल कशाला? तोडायला काही शिल्लकच ठेवत नाही आम्ही.

एजंटने आधी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी समजावली. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांनी ती एकाच नमुन्यात द्यायची असते. आग, पूर, वीज, भूकंप, सगळे त्यात आहे.

"आणि चोरी?"

"आहे ना काकाजी. अशी काही आपत्ती आली आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर मिळते."

म्हणजे आधी भूकंप व्हायचा आणि मग चोराने आठवडा उलटायच्या आत यायचे. भूकंपाच्या बाबतीत आमचा भाग तसा आळशी, आणि चोर कॅलेंडर बघून येईल याची खात्री कोण देणार? शेवटी घरफोडीचे कव्हर वेगळे घेतले. त्यातही घरातल्या माणसाने किंवा नोकराने हात मारला तर क्लेम नाही, आणि घर फार दिवस बंद राहिले तरी भानगड.

विम्यापाठोपाठ घरात अलार्मही आला; ती कल्पना इंग्लंडातल्या भाच्याची. तिकडे विमा कंपन्या विचारतात, अलार्म कुठल्या ग्रेडचा, दरवर्षी सर्व्हिसिंग होते का, बाहेर पडताना चालू केला होता का. त्यांचे मानक आहे ईएन 50131. त्यात अलार्मच्या चार श्रेण्या, आणि त्या ठरतात चोराच्या लायकीवरून! पहिल्या श्रेणीचा अलार्म ज्याच्यासाठी, त्या चोराला यंत्रातले फारसे कळत नसते आणि हत्यारेही साधी असतात. चौथ्या श्रेणीतला चोर आराखडा करून, सगळे साहित्य घेऊन येतो, प्रसंगी यंत्राचा भागही बदलतो. आमच्या सरकारी नोकरीत चतुर्थश्रेणी म्हणजे शिपाई. तिकडे चोरांत चतुर्थश्रेणी म्हणजे थेट क्लासवन अधिकारी.

गोंदियातल्या एका मुलाने येऊन दाराला चुंबकाचा स्विच बसवला, बैठकीत सेन्सर लावला, भोंगा टांगला आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडून दिली. सेन्सर हुशार. माणसाच्या अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक हलताना दिसला, की तो ओरडतो. फक्त त्याची ओळख आमच्या मे महिन्याशी झालेली नव्हती. पारा 44-45 वर गेला, की बैठकीची भिंतच माणसाइतकी तापते. मग चोर कुठला आणि भिंत कुठली, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? शिवाय त्या दिवसांत आम्ही छतावर झोपतो, आणि शेजारपाजारच्या कूलरांच्या घरघरीत भोंगाच काय, रोडरोलरही ऐकू येणार नाही.

थंडीत मात्र सेन्सर भलताच जागरूक. पहिल्यांदा मध्यरात्री वाजला तेव्हा अर्धी गल्ली काठ्या घेऊन आली. कोणीतरी सब्बलही आणली होती. ती पाहून मला क्षणभर विम्याच्या दृष्टीने आशा वाटली. निघाली पाल. सेन्सरच्या भिंगावर ऐटीत बसलेली. पुढच्या वेळी दोघेच आले, तेही चहाच्या अपेक्षेने. आता भोंगा वाजला की काकू अंथरुणातूनच ओरडतात, "पाल असंन जी, झोपा!" इंग्लंडात म्हणे वारंवार खोटा गजर झाला की पोलीस तिकडे धावणे बंद करतात. त्यासाठी त्यांना लेखी धोरण करावे लागले. आमच्याकडे काकूंनी ते तोंडी लागू केले.

देखभालीच्या करारात तो मुलगा मधूनमधून येतो, बटण दाबतो, भोंगा एकदा केकाटतो, आणि कार्डावर तारीख टाकून सही करतो. कार्ड जपून ठेवा, असे एजंटने बजावले आहे. पालीला हुसकण्याची कार्डात सोय नाही. ते काम आमच्या मंडळींकडे, झाडूसकट.

खरी कसोटी दिवाळीनंतर. गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. ते पहाटेपर्यंत चालते आणि पाहुण्याला मधून उठू देत नाहीत. आमची सासुरवाडी अर्जुनी मोरगावकडची, तेव्हा जाणे चुकत नाही. यंदा एजंटला फोन केला. तो म्हणाला, "काकाजी, किल्ली सोबतच न्या. शेजारी ठेवू नका. आणि कुलूप चांगलं दणकट लावा, तोडलं तर दिसलं पाहिजे."

काकूंना हे कळले आणि त्यांचे तोंड उतरले. "इतक्या वर्षांत किल्ली माझ्याकडे राहे. आता भरवसा नाही का जी?" आता त्यांना सर्वोच्च न्यायालय कसे समजावणार? शेवटी डब्यातली एका जुन्या, कधीच मोडीत गेलेल्या कुलपाची किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, पदराला बांधली आणि म्हणाल्या,

"ठेवतो. पण हिचं काम काय जी? मांगचं दार तर तुमचं उघडंच राहते."