टाक्यांचा ताळेबंद

चौतीस वर्षं बँकेत काढली. कॅश टॅली झाल्याशिवाय कधी घरी गेलो नाही. एकदा बारा रुपयांच्या फरकासाठी अख्खी शाखा रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवली होती. (माझ्या निरोपसमारंभात ही आठवण सगळ्यांनी आवाज चढवून सांगितली.) तर अशा माणसाला चाळीस टाके मोजता येऊ नयेत?

सुरुवात सासूबाईंपासून झाली. त्या आमच्याकडेच असतात. वय ८२, नजर माझ्यापेक्षा चांगली. गेल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून सुया काढल्या. नाशिकच्या पणतवाला थंडीच्या आत स्वेटर हवा होता आणि त्यांची बोटं आताशा दुखतात. बायको म्हणाली, "मला वेळ नाही. ह्यांना शिकव, दिवसभर पंख्याखाली बसून पेपर वाचतात."

ऑक्टोबरात लोकर हातात घेणं म्हणजे काय, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बाहेर चौतीस डिग्री, पंखा पाचावर, आणि घामट बोटांना तुळशीबागेतून आणलेली ती आकाशी लोकर अशी चिकटते की सुईवरून टाका सरकता सरकत नाही. लहानपणी आईसमोर दोन्ही हात पुढे करून लोकरीची लड धरून बसायचो, तेवढाच माझा या खात्यातला अनुभव.

सासूबाईंनी चाळीस टाके घालून दिले आणि दोन सुलट, दोन उलट अशी पट्टीही विणून दिली. पुढचं माझं : एक ओळ सुलट, एक उलट. चौथ्या दिवशी सहज मोजले, तर त्रेचाळीस. पुन्हा मोजले, तरी त्रेचाळीस. बँकेत पैसे कमी भरले तर घाम फुटतो. जास्त भरले तर त्याहून जास्त फुटतो, कारण ते कुणाचे हे सापडत नाही. सासूबाईंनी कापड उजेडात धरलं.

"जावईबापू, तुम्हाला जाळीची वीण कुणी शिकवली?"

"कुणी नाही, आई."

"मग ही भोकं?"

उलट टाका विणताना दोरा सुईच्या पुढे असतो. सुलट टाक्याआधी तो मागे न्यायचा असतो. मी मध्येच चहा प्यायला उठायचो, परत आल्यावर दोरा पुढेच राहायचा आणि सुईवरून फिरून एक नवा टाका होऊन बसायचा, खाली एक भोक ठेवून. सासूबाई म्हणाल्या, उसवा. मी उसवलं. उसवताना जो वेग आला तो विणताना कधीच आला नाही.

आता दुसरा हिशेब, बाल्कनीतल्या झेंडूचा. मागच्या तोरणातली वाळलेली फुलं मी जपून ठेवली होती. बी पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फूल येतं, म्हणून दसऱ्याची तारीख धरून मागे मोजलं आणि २४ ऑगस्टला कुंड्यांत बी टाकलं. हिशेब चोख होता, फक्त तारीख डायरीतून घेतली होती आणि डायरी होती २०२३ ची. त्या वर्षी अधिक श्रावण, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला. २०२४ साली तो १२ ला आला आणि २०२५ साली थेट २ ला. दसऱ्याला आमच्या दाराला बाजारातला झेंडू आणि बाल्कनीत नुसता पाला. दिवाळीला कळ्या. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, पहिलं फूल उमललं. झेंडूला मी दोष देणार नाही. मुदत ठेव होती, मुदतीला परत मिळाली.

शेवंतीचं दुःख वेगळं आहे. तिला कळी धरायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. फुलं लांबवायची असली की शेवंतीचे शेतकरी रात्री मुद्दाम दिवे लावतात. आमच्या सोसायटीने तसाच एक झगझगीत दिवा माझ्या कुंडीसमोर लावला, तोही फुकट. झाडाची भिंतीकडची बाजू पिवळीधमक, दिव्याकडची हिरवीगार. सेक्रेटरींना पत्र दिलं. ते 'आयत्या वेळचे विषय' यात गेलं.

नानकटाईचा मोह या पराक्रमांनंतर व्हायला नको होता. लहानपणी दिवाळीआधी तूप-साखर-मैद्याचे डबे घेऊन आम्ही बेकरीच्या भट्टीपुढे रांगेत बसायचो. भट्टीतून येणारा तो वेलचीचा वास आठवून मी घरच्या ओव्हनवर प्रयोग जाहीर केला. तूप तळहाताने परातीत पांढरं होईपर्यंत फेसायचं. पण ऑक्टोबरातलं तूप फेसायच्या आधीच पाण्यासारखं झालं होतं. सासूबाई म्हणाल्या, परात बर्फाच्या पाण्यावर ठेवा. मी म्हटलं, चालतंय की! आणि मैदा वाढवून गोळे वळले. चोवीस गोळे, प्रत्येकावर एक चारोळी, मोजून. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर काढला, तर नानकटाई एक. आमच्या बँकेचं झालं तसं पूर्ण विलीनीकरण. फक्त चारोळ्या चोवीसच्या चोवीस जाग्यावर होत्या. सुरीने चौकोन कापले. बायकोने ते शेजारी "बिस्किटं" म्हणून दिले. डबा रिकामा परत आला, आत फक्त धुतल्याचं पाणी होतं.

स्वेटरची पाठ डिसेंबरात पूर्ण झाली. चाळीस टाक्यांनी सुरू झालेलं कापड बावन्नवर संपलं : खाली अरुंद, वर रुंद, मध्ये खिडक्या. पणतवाला शेवटी दुकानातला स्वेटर गेला. सासूबाईंनी माझं कापड उलटंपालटं करून पाहिलं, दोन्ही कडा शिवल्या, आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलं आणि ते विरजणाच्या पातेल्यावर चढवलं. मापात बसलं.

डिसेंबरात पुण्यात दही लागत नाही, अशी सगळ्या बिल्डिंगची तक्रार आहे. आमचं लागतं.