रविवारची सांस्कृतिक मोहीम

मध्यमवयीन मराठी दांपत्याच्या साप्ताहिक भ्रमंतीला पर्यटन म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिचे खरे क्षेत्र कलहशास्त्र हे होय. कलहशास्त्र म्हणजे एकाच छपराखाली राहणाऱ्या दोघांनी, गीझर कोणी चालू ठेवला यापलीकडचे विषय वादासाठी कोठून मिळवावेत, याचा पद्धतशीर विचार. मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी गेली की घरातले वादविषय झपाट्याने आटतात, आणि जे उरतात ते इतके वापरून झालेले असतात की पतीचे पहिले वाक्य संपण्याआधी पत्नीचे तिसरे उत्तर तयार असते. अशा वेळी दर रविवारी बाहेर पडून ताजे, तटस्थ आणि शक्यतो पेशवेकालीन विषय घेऊन येणे दोघांच्याही हिताचे ठरते. पुणे शहर या कामी विशेष सोयीचे आहे, कारण तेथे इतिहास हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याबद्दल एकमत कोठेच नाही.

मोहिमेचा आरंभ शनिवारी संध्याकाळी वर्तमानपत्रातील कार्यक्रमांच्या सदरापासून होतो. हे सदर म्हणजे व्याख्यान, सतारवादन, बोन्सायचे प्रदर्शन आणि पुस्तक प्रकाशन यांना सारख्याच बारीक टायपात बसवणारा एक सर्वसमभावी मजकूर होय. पती तो मोठ्याने वाचतो, पत्नी ‘तुम्ही म्हणाल तिथे’ असे म्हणते, आणि या विधानाचा शब्दशः अर्थ घेणारे पती केवळ नवविवाहितांतच आढळतात. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला हा पेच पुष्कळसा सोडवते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाचे समाजप्रबोधनातील स्थान सर्वमान्य आहेच. परंतु तेथे तास-दीड तास दोघांनाही बोलता येत नाही आणि वक्ता दोघांच्या वाट्याचे बोलून घेतो, या गुणाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

कलहशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध स्थळ म्हणजे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे, वाद्ये, वज्री (म्हणजे टाचा घासण्याचे धातूचे साधन) अशा रोजच्या वापरातल्या वस्तू देशभर हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हा संग्रह उभा केला. त्यात सुमारे २०,००० वस्तू आहेत आणि दालनांत मांडलेल्या असतात त्या त्यातल्या थोड्याच. या उद्योगात केळकरांना पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि घरी आणखी एक समई घेऊन येणाऱ्या पतीला साथ देणे म्हणजे काय, हे ज्या गृहिणींनी समया घासल्या आहेत त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

संग्रहालयात शिरताच दांपत्याचे दोन वर्ग पडतात. फलकवाचक हा पहिला वर्ग, जो ‘वस्तूंना हात लावू नये’ या सूचनेसह प्रत्येक फलक अथपासून इतिपर्यंत, आणि तोही ऐकू जाईल असा, वाचतो. यात बहुधा पती मोडतो. दुसरा वर्ग दृष्टिक्षेपकांचा, जो नजर फिरवत दालन ओलांडतो आणि पुढच्या मजल्यावर बाक शोधून बसतो. फलकवाचक तेथे पोहोचतो तेव्हा दृष्टिक्षेपकाने मात्र नेमकी एक वस्तू पाहून ठेवलेली असते. “अहो, अगदी असाच अडकित्ता आपल्याकडे होता. तुमच्या आईंनी मोडीत घातला.” तटस्थ विषयाच्या शोधात निघालेली मोहीम अशा रीतीने एका वाक्यात स्वगृही परतते. “तो तुटका होता, हा अठराव्या शतकातला आहे,” असे उत्तर पती देतो. त्यात तर्क नाही, पण शतक आहे, आणि नुसत्या गीझरवरून झालेल्या वादाला ही उंची कधीच लाभली नसती. मूळच्या कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून याच संग्रहालयात तो पुन्हा रचलेला आहे. पहिल्या बाजीरावाच्या पराक्रमाविषयी पतीला तेथे बरेच सांगायचे असते, परंतु पत्नीने काशीबाईंचे नाव काढल्यावर तो झुंबराची स्तुती करू लागतो.

जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर लेण्याची गतही निराळी नाही. आठव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूटांच्या काळात, काळ्या पाषाणात खोदलेल्या या लेण्यातील गोलाकार नंदीमंडप पाहण्याजोगा आहे, आणि काही खोदकाम अपुरे राहिलेले स्पष्ट दिसते. ते पाहून पत्नीला माळ्याच्या दारांची आठवण होते, जी बसवण्याचे काम पतीने अंगावर घेतले होते. शनिवारवाड्यात पतीची बाजू सावरते. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळून गेल्यामुळे तेथे मुख्यतः तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि जोती उरली आहेत, म्हणून जे नाही ते समजावून सांगण्यास त्याला मोकळे रान मिळते आणि जे दिसतच नाही त्यात चूक काढणे पत्नीलाही जड जाते.

नाट्यगृहाची परीक्षा वेगळ्या जातीची असते. १९६८ मध्ये उघडलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात नाटकाआधी तीन घंटा होतात: पहिलीला पती स्कूटरला जागा शोधत असतो, दुसरीला पत्नी दारात तिकिटे धरून उभी असते, आणि तिसरीनंतर दोघे अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून आपापल्या खुर्चीकडे सरकत असतात. मध्यंतर म्हणजे बटाटावड्याच्या रांगेत नाटकाविषयी मत बनवण्याचा काळ. प्रायोगिक नाटकाला हा आधार नसतो. ते संपले हे कळण्यासाठी टाळी वाजवणारा एक शूर प्रेक्षक लागतो, आणि तो आपल्या शेजारी बसलेला असू नये एवढीच पत्नीची इच्छा असते. तीच धास्ती डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात, म्हणजे भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या संगीतसोहळ्यात, सतरंजीवर मांडी घालून बसते. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, जिथे गायक आणि तबलावादक एकत्र येतात आणि जाणकारांच्या माना एकदम हलतात, पतीची ‘वा!’ तिच्यापाठोपाठ दोन मात्रांनी येते, आणि पुढच्या ओळीतला जाणकार मागे वळून पाहतो तेव्हा पत्नी पिशवीत पाण्याची बाटली शोधत असते.

परतीच्या वाटेवर मिसळ खाताना सगळ्या निष्कर्षांची फेरतपासणी होते. पेशव्यांच्या घरातही सासूच वस्तू मोडीत घालत असणार, एरवी वाड्यातले काही तरी अधिक उरले असते, हा सिद्धांत पत्नी येथेच मांडते, आणि पती पाव मोडता मोडता आगीचे साल सांगून तो खोडून काढतो. सोमवारी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, तोच सिद्धांत तो स्वतःचा म्हणून सादर करतो आणि सहकाऱ्यांची दाद मिळवतो. विद्यापीठात याला वाङ्मयचौर्य म्हणतात आणि ते पकडण्यासाठी समिती नेमावी लागते; येथे त्याच कचेरीतल्या एखाद्या सहकाऱ्याची पत्नी बुधवारी मंडईत, वांगी निवडताना, भेटली तरी पुरते.