तारीख पक्की, रक्कम पक्की, मग यादी तरी सोडा

रोज सकाळी पंधरा मिनिटांची स्टँडअप ठेवली की टीम अ‍ॅजाइल झाली आणि दर शुक्रवारी रंगीत स्टेटस रिपोर्ट गेला की प्रोजेक्ट शिस्तीत आहे, असं मानणाऱ्या मॅनेजरांना स्पष्टच सांगायला हवं. तुम्ही दोन पद्धती एकत्र आणलेल्या नाहीत. दोन्हींचं ओझं तेवढं टीमच्या डोक्यावर दिलं आहे.

हिंजवडीतल्या कुठल्याही फिक्स्ड प्राइस प्रोजेक्टवर काम केलेल्या माणसाला विचारा. करारावर सही होते तेव्हाच फीचर्सची यादी, तारीख आणि रक्कम, तिन्ही पक्की झालेली असतात. मग टीमला फर्मान सुटतं, ‘आता अ‍ॅजाइलने करा.’ डेमोत क्लायंट नवं काही सुचवतो, ते यादीत चढतं. यादीतून उतरत मात्र काहीच नाही. फरक भरून निघतो तो पोरापोरींच्या शनिवार-रविवारातून. टीमने ‘लाल’ म्हणून पाठवलेला रिपोर्ट एक पायरी चढला की ‘पिवळा’ होतो आणि क्लायंटच्या हाती पडेपर्यंत ‘हिरवा’.

अ‍ॅजाइल आणि आखीव नियोजन या दोन विचारांचं मुळात वैर नाही. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्डला 17 जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. योजना आणि कागदपत्रांनाही मोल आहे, हे त्यातच म्हटलंय. चालणारं सॉफ्टवेअर आणि बदलाची तयारी यांना त्यांनी जास्त मोल दिलं, इतकंच. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश सरकारने 1996 मध्ये आणलेली ‘प्रिन्स टू’ पद्धत. ती सांगते की दर टप्प्याच्या शेवटी हे काम अजून करण्याजोगं आहे का ते तपासा, नसेल तर बंद करा. वेळ-पैशाच्या ठरलेल्या मर्यादेत काम चाललंय तोवर वरच्यांनी लुडबुड करू नये, हेही तीच सांगते.

एकाच बाजूला झुकलं की काय होतं, त्याचे दोन दाखले सरकारी दफ्तरात नोंदलेले आहेत.

अमेरिकेच्या एफबीआयने 17 कोटी डॉलर घातलेली संगणक प्रणाली 2005 मध्ये गुंडाळली. पुढच्या वर्षी तिच्या जागी ‘सेंटिनेल’चं काम सुरू झालं, सगळं चार टप्प्यांत आधीच आखून. 2010 पर्यंत 45.1 कोटींच्या बजेटमधले 40.5 कोटी संपले होते आणि हाती आले होते दोनच टप्पे. तेव्हा एफबीआयने काम ठेकेदाराकडून स्वतःकडे घेतलं, दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले आणि जुलै 2012 मध्ये प्रणाली चालू केली. बजेटची मर्यादा तीच आणि महानिरीक्षकांची नजरही कायम.

ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या भत्ता योजनेत उलटं झालं. अ‍ॅजाइलचा गाजावाजा होता, पण पूर्ण योजना चालणार कशी, याचा तपशीलवार आराखडाच नव्हता. सप्टेंबर 2013 च्या अहवालात तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने 3 कोटी 40 लाख पाउंडांचं संगणकीय काम बुडीत गेल्याचं नोंदवलं. फक्त चांगली बातमी वर पाठवायची, या सवयीवरही बोट ठेवलं. आपल्या हिरव्या रिपोर्टवाल्यांनी तो अहवाल जरूर वाचावा.

मग सांगड घालायची कशी? 2015 मध्ये आलेल्या ‘प्रिन्स टू अ‍ॅजाइल’ने साधी वाट दाखवली आहे. तारीख हलवायची नाही, रक्कम हलवायची नाही, दर्जा घसरू द्यायचा नाही. हलवायची ती यादी. हवंच, असायला हवं, असलं तर बरं, या खेपेला नको, असे चार गट पहिल्याच दिवशी करायचे. वेळ कमी पडला की खालचे गट गळतात, ‘हवंच’ला धक्का लागत नाही. तोही लागायची वेळ आली, तर त्याच दिवशी वर कळवायचं आणि वरच्यांनी निर्णय द्यायचा.

यासाठी नवं टूल लागत नाही, सर्टिफिकेटही लागत नाही. लागतो तो अधिकार, आणि तोच कुणाला सोडवत नाही. ‘हे फीचर गाळा’ म्हणण्याआधी ज्या प्रॉडक्ट ओनरला तिघांना मेल टाकावी लागते, तो नावापुरताच ओनर आहे.

तेव्हा पुढच्या स्टीअरिंग कमिटीत स्लाइड्स बाजूला ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा. यादीतलं काम गाळायचा अधिकार कुणाकडे आहे? आणि प्रोजेक्टच थांबवा, असं कोण म्हणू शकतं? दोन्ही उत्तरांत एखाद्या माणसाचं नाव आलं नाही, तर उद्याची स्टँडअप रद्द करा. तेवढा वेळ तरी पोरांना काम करू द्या.