भूक नसलेल्या खादाडाची कैफियत

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं महाराष्ट्रात जेवढं कौतुक होतं, त्याच्या शतांशही वजन टिकवू पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी मी यवतेश्वरचा घाट पळायला लागलो, पळणं वाढलं आणि गाल आत गेले. सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये गाठलंच. "शुगर निघाली का हो?" "नाही हो, पळतोय." "पळा बापडे. पण पथ्यही पाळा."

हिशेब सोपा आहे. एक किलोमीटर पळायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी जळते. मी ६२ किलोचा. रविवारी २० किलोमीटर पळलो की बाराशेच्या वर गेल्या, घाटाचा अधिभार वेगळा. एवढं रोजच्या जेवणावर आणखी खायचं! ऐकायला हा जन्मोजन्मीच्या पुण्याचा प्रताप वाटतो. प्रत्यक्षात दमून आल्यावर तासभर अन्नाकडे बघवत नाही, कारण जोरदार व्यायामानंतर भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक काही काळ दडी मारतं. मग ते उगवतं दुपारी साडेतीनला, साहेब तिमाहीचे आकडे वाचत असताना. तेव्हा समोर मारीची दोन बिस्किटं असतात आणि त्यातलं एक साहेबांचं.

घरचं जेवणही सद्गुणी. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर. यात चोथा भरपूर, त्यामुळे दुसऱ्या भाकरीलाच पोट हात जोडतं आणि कॅलरीचं खातं मात्र उधारीतच राहतं. शिवाय सल्लागार आहेत. बहीण दीक्षित पंथाची : दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत. मेहुणी दिवेकर पंथाची : दर दोन तासांनी थोडं थोडं. मी समन्वयवादी. दोनदा ५५ मिनिटं जेवतो आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी खातो. दोन्ही पंथांनी मला वाळीत टाकलंय.

खरा मार्ग दाखवला तो कोल्हापूरच्या एका वस्तादांनी. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात उमेदीच्या काळात कुस्त्या मारलेला माणूस. माझ्या दंडाला चिमटा काढून त्यांनी पाठीमागे उभ्या असलेल्या पठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चावत काय बसताय मर्दा? प्या की!" तालमीत भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून दुधात घालतात, ती ठंडाई. घोटणाऱ्या पोराचा घाम गळेस्तोवर घोटायची, म्हणजे त्याचाही व्यायाम होतो. पुढे गंगावेशीतला दूधकट्टा. तिथे म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर फेसाचा पांढरा फेटा. पहिल्या घोटाला मिशी येते, दुसऱ्याला ढेकर. पातळ पदार्थ पोटाला तितकं दडपत नाहीत, हे वस्तादांना कुठल्याही आहारशास्त्राच्या आधी ठाऊक होतं. तुपाचंही तेच. पिठूळ पदार्थात ग्रॅममागे चार कॅलरी, तुपात नऊ. वरणभातावर एक मोठा चमचा सोडला की सव्वाशेच्या आसपास जमा, आणि जबड्याला कसलीही तोशीस नाही. तेव्हापासून मी वरणावर तूप घेत नाही, तुपावर वरण घेतो.

उरला लग्नाचा हंगाम. एके काळी पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलेबी पडायची. आता मी हात काढून बसलोय, तर आग्रह करणारेच उरले नाहीत. परवाच्या लग्नात सगळे पाहुणे मोड आलेल्या मुगाभोवती दाटीवाटीने उभे, आणि जिलेबीच्या टेबलापाशी मी एकटा. पुन्हा पुन्हा फिरकलो तशी वाढणाऱ्या पोराची नजर बदलली. शेवटी चिमटा हवेतच थांबवून तो म्हणाला, "काका, घरच्या सगळ्यांना नेताय का? मग परातच न्या ना."

मी परातीला हात घातला.