अभ्यास दौरा आणि बॅगेचं वजन

परदेशी अभ्यास दौऱ्यावर निघालेल्या नगरसेवकांवर आणि अधिकाऱ्यांवर फुकट फिरण्याचा आरोप सरसकट होतो. हा अन्याय आहे. अभ्यास कसून होतो. सिंगापूरच्या मुस्तफा सेंटरमध्ये अत्तरं कुठे, घड्याळं कुठे, 100 डॉलरच्या पुढच्या खरेदीवरचा जीएसटी विमानतळावर परत कसा मागायचा, हे सगळं मंडळी तोंडपाठ करून येतात. दौऱ्याचा विषय तेवढा पावसाळी पाण्याचा निचरा असतो.

माणसंच आहेत, चार जागा बघितल्या तर बिघडलं कुठं, असं कुणी म्हणेल. काहीच बिघडलं नाही. संध्याकाळी मर्लायनच्या पुतळ्यासमोर फोटो काढावा, पोरांना चॉकलेटं घ्यावीत, पण आपल्या खर्चानं आणि काम उरकल्यावर. हल्ली सगळं यूट्यूबवर दिसतं, मग जायचंच कशाला, हा उलटा आक्षेपही मला पटत नाही. 2008 साली सुरू झालेलं सिंगापूरचं मरीना बराज हे धरण जागेवर उभं राहूनच नीट कळतं: ओहोटीला नऊ पोलादी दरवाजे उघडून पावसाचं जादा पाणी समुद्रात सोडायचं, भरतीला ते बंद ठेवून सात पंपांनी उपसायचं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले की गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या मुंबईला याहून जवळचा धडा कुठला? बराजवर दहा मिनिटं आणि ऑर्चर्ड रोडच्या दुकानांत अख्खी दुपार, ही वाटणी मात्र करदात्यानं का सोसावी? तेव्हा पुढच्या दौऱ्याची तिकिटं काढण्याआधी मागच्या दौऱ्याचा अहवाल सभागृहात ठेवा, खरेदीची यादी वगळून.