शास्त्रीबुवा हॅस्केलवाले

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या सॉफ्टवेअर ऑफिसात एक हॅस्केलवाला असतो. एकच असतो. दुसरा आला तर मोनॅड म्हणजे नेमकं काय यावरून दोघांचं बिनसतं आणि त्यातला एक बंगळूरला निघून जातो. आमच्याकडे जे मागे राहिले ते शास्त्रीबुवा. आडनाव वेगळंच आहे, पण ते आता फक्त पगाराच्या स्लिपवर उरलंय. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने किडकिडीत, टी-शर्टवर लॅम्डा. गेटवरचा सिक्युरिटीवाला त्याला उलटा छापलेला 'वाय' समजतो. दुकानदाराकडून बदलून घ्या, असं त्याने एकदा फार आपुलकीने सुचवलंही होतं.

दर १२ सप्टेंबरला शास्त्रीबुवा ऑफिसात पेढे वाटतात. नवीन आलेली पोरं विचारतात, "मुलगा की मुलगी?"

"हॅस्केल ब्रुक्स करी," शास्त्रीबुवा सांगतात. "जन्म १९००."

हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेला ज्यांचं नाव दिलं ते हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ. ते १९८२ मध्ये गेले, भाषेची समिती १९८७ मध्ये बसली, आणि पहिला अहवाल १९९० मध्ये बाहेर पडला. तारीख होती १ एप्रिल. ही तारीख शास्त्रीबुवा सांगत नाहीत. ती आम्ही सांगतो.

हॅस्केलचा सगळा कारभार सोवळ्याचा. शुद्ध फंक्शन कशाला शिवत नाही. ना डिस्कला, ना स्क्रीनला, ना घड्याळाला. तेच दिलं की तेच परत मिळणार, आज काय नि दिवाळीत काय. जे फंक्शन बाहेरच्या जगाला शिवतं त्याच्या टाइपवर 'आयओ' असा शिक्का बसतो, आणि त्या फंक्शनला जो हात लावील त्यालाही तो लागतो. आजोळी वाईला आजीचं असलं सोवळं-ओवळं शास्त्रीबुवांना लहानपणी अजिबात पटलं नव्हतं, भर पंगतीत तसं बोलून त्यांनी मारही खाल्ला होता. तीच गोष्ट कंपायलरने सांगितल्यावर मात्र त्यांनी हात जोडले. 'अनसेफ परफॉर्म आयओ' नावाचं एक मागचं दार खुद्द भाषेनेच ठेवलं आहे. आमच्यातल्या एका नव्या मुलीने ते एकदा उघडलं. रिव्ह्यूमध्ये तिच्या एका ओळीच्या कोडखाली शास्त्रीबुवांनी दोन पानी कॉमेंट लिहिली. ती मुलगी आता टेस्टिंगमध्ये सुखात आहे.

अशा माणसाच्या हाती एक साधं काम आलं. आमच्या एका गिऱ्हाईकाच्या जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग चालू होतं. कोणती फाइल कुणी स्कॅन केली, कुणी तपासली, काय राहिलं, एवढी नोंद ठेवायची होती. मॅनेजर म्हणाले, "एक एक्सेल शीट करून टाका."

"आणि मधल्या काळात कुणी फाइलीचं नाव बदललं तर?" शास्त्रीबुवांनी विचारलं. "शीट म्हणेल एक, फोल्डर म्हणेल दुसरं. फाइलीची नोंद फाइलीलाच चिकटलेली हवी."

मुद्दा बिनतोड होता. शास्त्रीबुवांचे मुद्दे बिनतोडच असतात; त्रास पुढे सुरू होतो.

फाइलीच्या आतल्या मजकुराला धक्का न लावता तिला बाहेरून नाव आणि मूल्य अशा चिठ्ठ्या लावता येतात. त्यांना एक्सटेंडेड ॲट्रिब्यूट म्हणतात, आणि ऑफिसात तोंड दुखू नये म्हणून 'एक्सॲटर'. फाइलीचं नाव बदललं, त्याच डिस्कवर ती दुसऱ्या फोल्डरात गेली, तरी चिठ्ठ्या तिच्याबरोबर जातात. कल्पना जुनी आहे. ओएस-टूमध्ये ती होती. बीओएसमध्ये तर ईमेल म्हणजे एकेक साधी फाइल आणि पाठवणारा, विषय वगैरे सगळं तिच्या ॲट्रिब्यूटांत, वर त्यांतून झटपट शोधायची सोय. बीओएसचा विषय निघाला की शास्त्रीबुवा चहा अर्धा ठेवून उठतात. मॅकवर इंटरनेटवरून उतरवलेलं ॲप पहिल्यांदा उघडताना 'खरंच उघडायचं का?' असं विचारलं जातं, त्याच्यामागेही क्वारंटाइन नावाची अशीच एक चिठ्ठी असते. लिनक्समध्ये चिठ्ठीच्या नावाआधी तिचं खातं सांगावं लागतं: यूजर, ट्रस्टेड, सिस्टिम किंवा सिक्युरिटी. आपल्यासारख्यांनी 'यूजर डॉट' लावून गप्प बसायचं असतं.

या चिठ्ठ्या लावायच्या, वाचायच्या, यादीत मांडायच्या आणि काढायच्या चार क्रिया कर्नलकडे आहेत, आणि प्रत्येकीच्या तीन तऱ्हा: एक मार्गावरून फाइल शोधणारी, एक सिम्लिंकच्या पलीकडे न जाणारी, एक आधीच उघडलेल्या फाइलीवर चालणारी. मूळच्या बारा हाका झाल्या. त्या सी भाषेतल्या, आणि आपलं घर हॅस्केलचं. मध्ये बाइंडिंग हवं. असं पॅकेज हॅकेज या हॅस्केलच्या भांडारात आयतं आहे, पण आयतं वापरतील ते शास्त्रीबुवा कसले! त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं.

वाचायची रीत अशी आहे. चिठ्ठी केवढी आहे हे आधी माहीत नसतं. म्हणून पहिल्यांदा शून्य आकाराचा बफर देऊन विचारायचं. कर्नल नुसता आकार सांगतो. मग तेवढी जागा घेऊन दुसऱ्यांदा विचारायचं. तेव्हा मजकूर मिळतो. मधल्या काळात कुणी ती चिठ्ठी मोठी केली, तर जागा अपुरी पडून 'ईरेंज' ही चूक परत येते, आणि पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे लोक हे लिहून मोकळे होतात. शास्त्रीबुवांच्या ते स्वभावात उतरलं. मंडईत ते वांग्यांचा भाव विचारतात, पिशवी उघडतात, आणि पैसे काढायच्या आधी पुन्हा भाव विचारतात. पाहुण्याला साखर किती म्हणून विचारतात आणि चमचा कपावर आणून पुन्हा विचारतात. वहिनी तर सांगतात, कांदेपोह्यांच्या वेळी पसंती विचारली ती विचारलीच, पण लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी अंतरपाटावरून डोकावून म्हणाले, "अजून होच ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून विचारत बसले असते. भटजी खोळंबले होते."

दुसरी गोष्ट नकाराची. सी भाषेत काही बिनसलं की उणे एक परत येतो, आणि कारण 'एरनो' नावाच्या कोपऱ्यात ठेवलेलं असतं. शास्त्रीबुवांना हा ढिसाळपणा सहन होत नाही. त्यांच्या मते 'नाही' हे उत्तरच नव्हे. या नावाची चिठ्ठी फाइलीला नाही, हा एक नकार. चिठ्ठी आहे पण ती पाहायचा तुम्हाला अधिकार नाही, हा दुसरा. या फाइल सिस्टिमवर चिठ्ठ्या लावायची पद्धतच नाही, हा तिसरा. त्यातून पहिल्या नकाराला लिनक्स एक नाव देतं आणि मॅक दुसरंच. शास्त्रीबुवांनी प्रत्येक नकाराला वेगळा टाइप दिला. शिवाय चिठ्ठी असून ती कोरी असू शकते, आणि कोरी चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी नसणं नव्हे. भाच्याच्या मुंजीत आहेराची वही त्यांच्याकडे होती. एका नातेवाइकांच्या पाकिटात काही निघालं नाही. वहीत नोंद आहे: 'पाकीट मिळाले. रक्कम: शून्य.' जे पाकीट न देताच जेवून गेले त्यांच्या नावापुढे रेघ आहे. त्या दोन घरांनी आता शास्त्रीबुवांशी बोलणं टाकलंय, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत याचं शास्त्रीबुवांना समाधान आहे.

स्टँडअपला मॅनेजर विचारायचे, "बाइंडिंग झालं का?" त्यावर शास्त्रीबुवांचं उत्तर कधीच हो किंवा नाही असं आलं नाही. उत्तर ऐकून मॅनेजर खुर्ची ओढून बसायचे, आणि स्टँडअप हे नाव त्या मीटिंगला शोभेनासं व्हायचं.

शेवटी ते झालं, आणि खरं सांगायचं तर देखणं झालं. चुकीच्या खात्याचं नाव दिलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नसे. नवी चिठ्ठी लावायची, असलेली बदलायची, की असेल-नसेल ते बघून घ्या, या तिन्ही इच्छा कर्नलला वेगवेगळ्या सांगता येतात. त्याही टाइपमध्ये बसवलेल्या. कौतुक करायला कुणी नव्हतं, कारण ते समजायला हॅस्केल यावं लागतं आणि ज्याला येत होतं तो बंगळूरला होता.

मग तपासणीच्या बाई आल्या. बाईंना शेरे लिहायची हौस. इतरांचा शेरा 'ठीक', बाईंचा शेरा निबंध. एका दस्तावर त्यांनी कागदाचा रंग, शाईचा फिकटपणा, वाळवीची वाटचाल आणि मागच्या पिढीतल्या कारकुनांचा निष्काळजीपणा असं सविस्तर लिहिलं, आणि स्क्रीनवर उत्तर आलं: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. बाई घाबरल्या. मॅनेजरने सर्व्हर पाहायला लावला. निम्म्याहून जास्त डिस्क मोकळी. नवी डिस्क मागवायची मेल तयार झाली होती, तेवढ्यात शास्त्रीबुवा आले. कर्नलची मर्यादा एका चिठ्ठीला चौसष्ट केबी आहे. पण ईएक्सटी-फोर या फाइल सिस्टिमवर नेहमीच्या मांडणीत एका फाइलीच्या सगळ्या चिठ्ठ्या मिळून साधारण एका ब्लॉकात मावाव्या लागतात, म्हणजे चार केबीच्या आसपास. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, आणि काना-मात्राही वेगळं चिन्ह धरतात. म्हणजे फार तर तेराशे-चौदाशे चिन्हं.

"म्हणजे मी इंग्रजीत लिहू?" बाईंनी विचारलं.

"थोडक्यात लिहा," शास्त्रीबुवा म्हणाले. हा सल्ला शास्त्रीबुवांच्या तोंडून ऐकल्याचे आम्ही सहा जण साक्षीदार आहोत.

ऑफिसातला पायथनवाला अशा संधीची वाटच पाहत असतो. त्याने लगेच वीगेटची कथा काढली. वीगेट हा फाइली उतरवून घेणारा जुना प्रोग्राम. फाइल कुठून आणली तो पत्ता तो एक्सॲटरमध्ये लिहून ठेवायचा. लोक कधी कधी पत्त्यातच पासवर्ड घालतात. तोही जसाच्या तसा चिठ्ठीवर जायचा, आणि ज्याला फाइल वाचता येते त्याला आयता मिळायचा. २०१८ च्या अखेरीस हे उघडकीला आलं आणि १.२०.१ या आवृत्तीत दुरुस्त झालं. "बघा तुमच्या चिठ्ठ्या!" पायथनवाला म्हणाला. शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "त्या पत्त्याचा टाइप काय होता? नुसती स्ट्रिंग ना? मग?" पायथनवाल्याला यावर बोलता आलं नाही, कारण त्याच्याकडे सगळंच नुसती स्ट्रिंग असतं.

काम संपलं, माल द्यायचा दिवस आला, आणि डिलिव्हरीच्या पोराने सगळ्या फाइली एका पेन ड्राइव्हवर घातल्या. पेन ड्राइव्ह एक्सफॅटचा. तिथे या चिठ्ठ्या लावायची सोयच नाही, आणि साधी कॉपी तर चिठ्ठ्या मुळात नेतच नाही, कुरकुरही करत नाही. गिऱ्हाईकाकडे फाइली पोचल्या त्या अक्षरशः जशाच्या तशा. चेकसम जुळले, एक बिट इकडचा तिकडे नाही, कारण चेकसम मजकुराचा असतो आणि चिठ्ठ्या मजकुरात नसतात. नोंद मात्र एकही नाही. बाईंचे सगळे शेरे गुप्त. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्हाला वाटलं, आता शास्त्रीबुवा खचणार. ते जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. बाहेरच्या जगावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. 'गेटएफॲटर' ही आज्ञा सगळ्या चिठ्ठ्या एका साध्या टेक्स्ट फाइलीत उतरवून देते आणि 'सेटएफॲटर' त्या परत लावते. पहिली आज्ञा त्यांच्या सर्व्हरवर रोज रात्री आपोआप चालत होती. एवढं टाइपचं सोवळं पाळणाऱ्या माणसाने शेवटची भिस्त साध्या टेक्स्ट फाइलीवर ठेवावी, हे पायथनवाल्याने भिंतीवर लिहून ठेवलंय.

मॅनेजरने ती फाइल घेतली आणि सरळ एक्सेलमध्ये उघडली. फाइलींची नावं दिसली. मराठी शेऱ्यांच्या जागी मात्र 'शून्य एस' पासून सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची भेळ, म्हणजे बेस-६४.

"हे काय आहे?"

"छापण्याजोगा नसलेला मजकूर ती आज्ञा असा लिहिते," शास्त्रीबुवा म्हणाले.

बाई तिथेच उभ्या होत्या. त्यानंतर आठवडाभर बाई शास्त्रीबुवांशी बोलल्या नाहीत. शेरे शास्त्रीबुवांनी दुपारपर्यंत मराठीत आणून दिले, चार ओळींच्या हॅस्केलमध्ये. बाईंनी ते वाचले आणि एक स्वल्पविराम कमी असल्याचं चिठ्ठी लिहून कळवलं. कागदावर.

बाइंडिंग अजून चालू आहे. त्याच्या चुकीमुळे रात्री-अपरात्री कुणाला फोन गेलेला नाही, आणि आमच्या ऑफिसात हे दुसऱ्या कुठल्याच कोडबद्दल म्हणता येत नाही. त्यात काही बदलायचं असेल तर मात्र शास्त्रीबुवा रजेवर नसताना बदलावं लागतं.

तुमच्याकडे असा कुणी असेल, आणि प्रत्येक ऑफिसात असतोच, तर फाइली हलवताना सीपीला मायनस ए लावा, आरसिंकला कॅपिटल एक्स, आणि टारला एक्सॲटर्सचा पर्याय. पेन ड्राइव्ह असेल तर आधी त्यांना विचारा, आणि उत्तराला वेळ लागेल हे धरून चाला.